साधा चष्मा की महागाचा

चष्म्याच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन साठतात. डॉक्टरकडे माणूस काय दुखतं ते सांगतो, आमच्याकडे काय दिसतं ते सांगतो. त्यात आमचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात. बाहेर धुकं असताना इथल्या एकेकाला काय काय दिसतं, ते मी तीस वर्षं ऐकतोय. पण गेल्या पावसाळ्यात दुकानात दोन डिस्प्लेवाले चष्मे आले, आणि तेव्हापासूनचा साठा मी वेगळा ठेवलाय.

दिसायला नेहमीसारखेच चष्मे, फक्त काचेवर मोबाइलचा पडदा दिसतो. एक साधा, स्वस्तातला; दुसरा महागाचा. आमच्याकडे वडिलांपासूनचा नियम आहे : आधी घरी न्या, चार दिवस वापरा, मग ठरवा. नंबरच्या चष्म्याला कधी त्रास झाला नाही. या दोघांना मात्र तो नियम लावायला नको होता, असं आता वाटतं.

*

पहिले आले दत्ताभाऊ. मळवलीत तीन बंगले सांभाळतात, मालक शनिवार-रविवारीच फिरकतात. बाकी दिवस एकटे असतात, म्हणून मॅच बघायला काहीतरी हवं होतं. स्वस्तातला घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि घाईघाईनं काढला. त्यात डोकं वळवाल तिकडे पडदा येतो.

"ह्ये मागं मागं येतंय," म्हणाले. "रिकाम्या बंगल्यात मला असलं नगं."

मग महागाचा दिला. त्यात पडदा एका जागी टांगून ठेवता येतो. भाऊंनी तो भिंतीवर, घड्याळाच्या शेजारी टांगला, खूश झाले आणि उद्या येतो म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी चष्मा घातला, तर पडदा घड्याळाच्या शेजारीच! भाऊंनी चष्मा काढला आणि नुसत्या डोळ्यांनी त्या कोऱ्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी कालपासनं ह्ये हितंच हुतं? आन् आपल्याला दिसत न्हवतं?"

मी हसण्यावारी नेलं. भाऊंनी दोन्हीपैकी काहीच घेतलं नाही. पण त्यांची पाठ वळल्यावर मी भिंतीखालची माझी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

*

घोरावाडीचे एक निवृत्त मास्तर आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. महागाच्या चष्म्याला एक बटण आहे, ते दाबलं की काच पूर्ण काळी होते. मास्तरांचं बोट चुकून त्यावर पडलं. मी आत काच घासत होतो. बाहेर आलो, तर मास्तर हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. मला वाटलं, सिनेमा बघताहेत. दहा मिनिटांनी संशय आला आणि बटण दाबलं.

मास्तरांनी मला नीट न्याहाळलं. "अरे, तू होय? मला वाटलं, झालं."

काय झालं, ते मी विचारलं नाही. हाक का मारली नाही, तेवढंच विचारलं. तर म्हणाले, "त्या काळोखात शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटलं. उगाच आवाज कशाला करा?" हे सांगताना ते हसत नव्हते.

*

दोन्ही चष्मे आणखी एक काम करतात. समोरच्याचं बोलणं काचेवर मराठीत लिहून दाखवतात. स्वस्तातला फक्त समोरचं लिहितो. महागाचा चारी बाजूंचं लिहितो, आवाज कुठून आला तिकडे बाण दाखवतो, आणि आपण माणसाचा आवाज एकदा शिकवून ठेवला की वाक्याआधी त्याचं नावही लिहितो. न शिकवलेला माणूस असेल तर लिहितो, 'अनोळखी'.

काउंटरवर प्रज्ञा असते. तिच्या घरी भुताखेतांच्या गोष्टींनाही उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि तीही तशीच खमकी. एका दुपारी दुकान रिकामं, दारात दाट धुकं, आणि ती महागाचा घालून बसलेली. काचेवर बाण उमटला, दाराकडे. 'अनोळखी : तुटलेली दांडी जोडून मिळेल का?' प्रज्ञा उठून दारापर्यंत गेली. बाहेर कुणीच नव्हतं.

पंधरा मिनिटांनी एक गृहस्थ छत्री झटकत आत आले आणि हेच वाक्य बोलले. अगदी हेच. प्रज्ञानं विचारलं, मघाशी येऊन गेलात का? ते म्हणाले, छे, आत्ताच लोकलमधून उतरतोय.

मी म्हटलं, धुक्यात आवाज लांबून येतो. प्रज्ञानं महागाचा चष्मा डबीत ठेवला.

"सर, साधाच बरा," ती म्हणाली. "जे नाही ते तो दाखवत नाही."

*

आता सिंधूमावशींचं. कुरवंड्याहून रोज सकाळी येऊन दुकान झाडून-पुसून देतात. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, आबा, गेले, आणि पुढच्याच महिन्यात एका तापात मावशींचे कान गेले, पार गेले. मुलगा संतोष पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, ऐकू न येणारी बाई डोंगराच्या कडेला एकटी कशी राहणार? दिवाळीला घराला कुलूप लावून तो तिला घेऊन जाणार होता. मावशी महिनाभर नीट जेवल्या नव्हत्या. ते घर त्यांनी आणि आबांनी मिळून बांधलेलं.

मीच संतोषला म्हटलं, चष्मा वापरून बघू. मागून मारलेली हाक तिला कळली, तर राहू दे तिला. तो कबूल झाला. साध्या चष्म्यात मावशी नापास झाल्या, मागची हाक त्यात उमटेचना. महागाच्यात पास. मी संतोषचा आणि माझा आवाज त्याला शिकवला आणि चार दिवसांसाठी तो मावशींना दिला.

तिसऱ्या दिवशी मावशी फणकारत दुकानात आल्या.

"नाव दुरुस्त करून द्या. घरच्या मानसाला त्यो अनोळखी म्हंतोय. बत्तीस वर्सं संसार केलाय."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मावशी, घरी तर तुम्ही एकट्याच असता.

"चार वर्सं मला बी तसंच वाटत हुतं," मावशी म्हणाल्या. "रोज च्या मागत्यात. मला ऐकूच येत न्हवतं, तर देनार कुटनं?"

दुपारी मी संतोषला कळवून कुरवंड्याला गेलो. सेटिंग बघतो असं म्हणालो, पण खरं तर बाईचं डोकं ठिकाणावर आहे का, हे बघायला. घरात स्वच्छ उजेड होता. आबांची खाट भिंतीला, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. मावशी चष्मा माझ्या हातात देऊन चहा टाकायला आत गेल्या आणि मी तो डोळ्यांवर चढवला.

बाण उमटला, खाटेकडे. 'अनोळखी : पाव्हण्याला साखर नगं.'

माझ्या खिशात कालचा रक्ताचा रिपोर्ट होता, साखर वाढल्याचा. तो मी अजून बायकोलाही दाखवला नव्हता. मावशींनी चहा आणून दिला. एक कप मला, एक त्यांना, तिसरा त्यांनी खाटेशी ठेवला. मी घोट घेतला. फिका होता. आणि चष्मा तर माझ्या डोळ्यांवर होता, मग मावशींनी ते वाचलं कुठून?

तेवढ्यात संतोषचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता. "काका, तुम्ही बघितलंत ना? खरं सांगा, काय करू? साधा घेऊन तिला इकडे आणू, की महागाचा घेऊन तिथेच राहू देऊ?"

मावशी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, पदर मुठीत धरून.

काचेवर पुन्हा बाण आला, खाटेकडेच.

'अनोळखी : म्हागाचा सांग.'