न निवळलेले समूह

नागावच्या आमच्या वाडीत ती पहिल्यांदा आली, तेव्हा आईने खास वालाचं बिरडं केलं होतं. आम्ही दोघी पुण्यात एकाच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषयही एकच. दीर्घिकांच्या समूहांवरून विश्वात एकूण पदार्थ किती, ते काढायचं.

जेवणानंतर विहिरीपाशी बाबांनी विचारलं, "म्हणजे नक्की करता काय गं तुम्ही?"

मी सांगू लागले. एकेका समूहात शेकडो दीर्घिका असतात आणि त्यांच्यामध्ये प्रचंड तापलेला वायू. त्या वायूवरून समूहाचं वजन काढता येतं, न दिसणाऱ्या पदार्थासकट. त्यात वायूचा वाटा किती हे कळलं, की सगळ्या विश्वाचा अंदाज बांधता येतो. समूह एवढे मोठे असतात, की ते विश्वाचा नमुनाच म्हणायचे.

"मग अडतंय कुठे?"

"काही समूह नुकतेच एकमेकांवर आदळलेले असतात. त्यांच्यातला वायू अजून निवळलेला नसतो, म्हणून वजन कमी भरतं." मी शेजारची बादली हलवली. "आता यात पाणी किती, सांगा बघू!"

बाबा हसले. तीही हसली.

असे समूह ओळखून बाजूला काढायची रीत मी बसवत होते. कल्पना अगदी नवी नव्हती, पण आमच्या समूहांना ती लागू करताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. प्रत्येक आकृती मी आधी तिला दाखवायचे, मग सरांना.

मग बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. "तू निवांत जा," ती म्हणाली, "इथलं मी बघते." मी सगळ्या फायली तिच्या हवाली केल्या.

बाबांना घरी आणल्यावर आमच्या गटाची ऑनलाइन बैठक होती. मी ओटीवर लॅपटॉप उघडून बसले. ती बोलत होती. पडद्यावर माझ्या आकृत्या होत्या, रंगसुद्धा मी निवडलेले. "मी ही वर्गवारी केली," ती म्हणाली. आणि पुढे, "समजा, एक हिंदकळणारी बादली आहे..."

सर म्हणाले, "वा! किती सोपं करून सांगितलंस."

मी माइक सुरू केला. "सर, हे काम माझं आहे."

मग सर म्हणाले, "हे आपण नंतर बोलू."

संध्याकाळी तिचा फोन आला. "तू रजेवर होतीस. काम थांबवून कसं चाललं असतं? लेखात तुझंही नाव घालणारच आहे ना."

"बादलीसुद्धा तुझीच का गं?"

तिने फोन ठेवला. सरांनी समजूत घातली, गटात वाद नकोत म्हणाले. लेख आला तेव्हा पहिलं नाव तिचं होतं, माझं मधे कुठेतरी.

मी विषय बदलून पीएच.डी. पुरी केली. आता अलिबागच्या कॉलेजात शिकवते. बाबा ठणठणीत आहेत. आई अजून अधूनमधून विचारते, "ती येत नाही का गं हल्ली?" आईला मी काहीच सांगितलेलं नाही.

मागच्या सुट्टीत त्या लेखातलं सगळं गणित मी पुन्हा करून पाहिलं. कुठेतरी चूक सापडावी, असं फार वाटत होतं. सापडली नाही. उत्तर बरोबर आहे.