न झाडलेले छर्रे

“नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण खरं सांगते मामा, पिस्तुलाचा चाप दाबलाच जात नाही. हात जातो वर, ठरतो, सगळं नीट दिसतं. बोट तेवढं मेल्यासारखं पडून राहतं.”

“बोटाला काय धाड भरली? सकाळी तेच माझ्यावर रोखून भांडत होतीस की.”

“भांडताना चालतं रे ते.”

मामा हसला. भाची हसली नाही.

इस्त्रीचं दुकान मामाचं. नवरा सोडून आली तेव्हापासून ती तिथं कपडे करायची. लोक तिला खुंटी म्हणत, कारण एकदा उभी राहिली की अंगावर कोट टांगावा अशी निश्चल. मामा तरुणपणी हवेच्या पिस्तुलाचा पक्का नेमबाज. पुढं डोळ्यांत सारा म्हणजे मांसाचा पडदा वाढला, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसेना न् समोरचा निशाणाचा कागदही दिसेना. मग तो रविवारी नेमबाजीच्या क्लबात शिकवायला लागला, आणि तिलाही घेऊन गेला.

पिस्तूल उचलणं हीच निम्मी विद्या, असं तो सांगायचा. पाय रोवायचे, डोळे मिटायचे, हात उचलायचा, मग डोळे उघडायचे. हात कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या बाजूला गेलेला दिसला तर मनगट वळवायचं नाही, मागचा पाय सरकवायचा. “हाताला ओढून जागेवर आणशील तर ओढाळ गुरासारखा परत पळेल.” श्वास घेत हात वर्तुळाच्या वर न्यायचा, सोडत सोडत खाली उतरवायचा, उतरतानाच चापाची ढिलाई काढून घ्यायची. काळ्याखाली हात ठरला की बोट आपलं आपण दाबत जातं. छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. आणि मनात पाल चुकचुकली तर हात खाली. टेबलावर. पुन्हा पहिल्यापासून.

ही शेवटची गोष्ट तिनं सगळ्यांत चांगली उचलली. बाकीचे हावरट, हात डगमगला तरी मारून मोकळे होत. ही निमूट खाली घ्यायची, आणि क्लबातल्या स्पर्धा जिंकायची. मामा इतरांना दाखवायचा, “बघा, खुंटी कसा हात खाली घेते!”

मग ती पाल रोजच चुकचुकायला लागली. का, ते तिला सांगता आलं नसतं. मामानं नाना उपाय केले. कागद काढून कोऱ्या भिंतीवर मारायला लावलं, तिथं छर्रे सटासट सुटले. कागद लावला की घोडं पुन्हा पेंड खायला थांबलं.

क्लबाकडं चांगलं पिस्तूल एकच. त्याची लाकडी मूठ मामानं तिच्या तळव्याबरहुकूम कानशीनं घासून दिलेली. निवड स्पर्धेतून जी जिल्ह्याच्या संघात जाईल तिच्याकडं ते राहणार, असा क्लबाचा ठराव. दुकानात ती कुणाची तरी टाकलेली बायको होती, गिऱ्हाइकं तसंच बघत. त्या मुठीत हात गेला की नव्हती. एवढंच तिचं होतं, आणि ते जाणार की राहणार हे निवडीच्या दिवशी ठरायचं होतं.

स्पर्धेत सुरुवातीचे थोडे छर्रे तिनं कसेबसे झाडले. मग हात वर गेला, ठरला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेजारी क्लबाच्या सेक्रेटरीची सून साध्या पिस्तुलानं फटाफट मारत होती, चुकत होती, मारत होती. मागं खुर्चीवर मामा. स्पर्धकाशी बोलायची बंदी, म्हणून नुसताच घसा खाकरत होता. एकेक जण आटपून निघून गेला. पंचानं वेळ संपत आल्याचं सांगितलं. तिच्याही मनात आलं, चाप हिसडावा, नवशिक्यासारखं वाट्टेल तिथं मारून छर्ऱ्यांची डबी रिकामी करावी. हात उचलला. आणि रीतसर, अगदी शिकवल्यासारखा, टेबलावर आणून ठेवला.

सुंभ जळाला, पीळ गेला नाही.

वेळ संपली. न झाडलेल्या छर्ऱ्याला शून्य. तिनं नळी रिकामी असल्याचं पंचाला दाखवलं आणि बाजूला झाली. पिस्तूल सेक्रेटरीनंच पेटीत ठेवलं.

“मूठ जरा घासून घेऊ म्हणतो,” तो मामाला म्हणाला. “सुनेचा हात नाजूक आहे.”

“घासा,” मामा म्हणाला. “लाकूडच तर आहे.”

दोघं चालत दुकानाकडं निघाली. नाक्याशी मामा थांबला. गाड्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून तिनं त्याचा दंड धरला.

“एखादा तरी हिसडून मारायचा होतास गं. गेला असता भिंतीत.”

“तूच तर शिकवलंस…”

“शिकवलं. म्हणून काय इतकं ऐकायचं?”

“ऐकत कुठं होते? हात आपणहून येतो खाली.”

मामानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, कळलं नाही.

“रविवारी येशील ना?”

“काय घेऊन येऊ?”

ती त्याला रस्ता ओलांडून घेऊन गेली.

दुकानाच्या फळीला टेकून एक गिऱ्हाईक उभंच होतं. “काय बाई, दुकान बंद करून कुठं गेला होतात जोडीनं? संध्याकाळी मुलाखत आहे माझी. शर्ट झाला का?”

“होतोय. बसा,” ती म्हणाली. मामाला स्टूल दिलं, इस्त्रीचं बटण दाबलं आणि तापेस्तोवर गठ्ठ्यातून त्याचा शर्ट शोधून काढला. पाणी शिंपडलं. कॉलर आधी घेतली.