संपाविरुद्ध वर केलेला हात

कपड्यांच्या कारखान्यात काजं पाडायच्या मशीनवर मावशीची अडतीस वर्षं गेली. वयाच्या बाविसाव्या वर्षी ती तिथल्या संपात सगळ्यांच्या पुढे होती. आठ महिने चालून तो संप फुटला.

गेल्या वर्षी एकदा जेवणाच्या सुट्टीत पुन्हा संपाचा विषय निघाला. मावशीनेच कामाला लावलेली भाची संपाच्या बाजूने तावातावाने बोलत होती. "विरोधात कोण?" असं तिने विचारताच मावशीने हात वर केला. तिचं पाहून वयस्कर बायांनीही केले. संप बारगळला आणि मालकांनी भाचीला काढून टाकलं.

"मावशी, संपाच्या गोष्टी तूच सांगायचीस ना?"

"गोष्टी सांगितल्या गं. घरातली उपासमार नाही सांगितली."

"मग सांगायची होतीस," म्हणून भाची जी गेली, ती पुन्हा आलीच नाही.

आपलं चुकलं नाही, असं मावशी अजूनही म्हणते. म्हणताना तिला रडू आवरत नाही.