पतंगी कागदाची फळी

एवढ्या मोठ्या धमाक्याच्या तयारीत उमेदीतले कित्येक महिने घालवलेला आणि स्वतः इतका कमी आवाज करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या शेजारचे काका गरम चहासुद्धा भुरका न मारता पीत. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. आम्ही वाटाणे सोलले तरी त्यांना ऐकू जाई. त्यांच्याकडून मात्र वर्षानुवर्षं फक्त काकूच ऐकू आल्या.

काका सिव्हिलचे इंजिनिअर. एकदा 'शिलाँगला ट्रेनिंग आहे' असं घरी सांगून गेले आणि कित्येक महिन्यांनी तव्यासारखे काळे होऊन परतले. काकूंनी त्यांचे बूट अंगणात उलटे केले, वाळूचा ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "शिलाँगला ऊन फार हो यंदा!" पुढे वाळवंटातल्या अणुचाचणीची बातमी लागली, तेव्हा काकांनी फक्त आणखी अर्धा कप चहा मागितला. निवृत्तीनंतर एवढंच कळलं, की स्फोटाचा धक्का मोजणारी यंत्रं ज्यात ठेवतात, त्या अर्ध्या जमिनीत गाडलेल्या काँक्रीटच्या कोठड्या त्यांनी बांधल्या होत्या. "स्फोट करणारे वेगळे," ते म्हणत. "आपलं काम त्याच्या शेजारी न हलता उभं राहायचं."

हे न हलणं त्यांनी घरीही आणलं. कपाटं, देव्हारा, शिलाई मशीन, सगळं बोल्टांनी जखडलेलं. अशोका गार्डन भागातून आलेल्या मेकॅनिकने फ्रिज सरकवायला जोर लावला आणि घाम पुसत विचारलं, "दादा, ये फ्रिज है कि खंभा?" मीही तेव्हा काकांसमोरच खो खो हसलो. माझ्या मनाला ज्या अनेक गोष्टी टोचतात, त्यांत ते हसणंही आहे.

पण काकांचा खरा जीव एका फळीत होता. तिला उतरत्या आकाराची तीन भोकं: एक बांगडीएवढं, एक रुपयाएवढं, एक बटणाएवढं. त्यांवर पतंगी कागद ताणून चिकटवलेला. मोठ्या भोकावरचा कागद हलक्या धक्क्यानेही फाटतो, बटणावरचा फाटायला जबरदस्त दणका लागतो. दिवाळीत काका ती मैदानात रोवत आणि पोरं आपापले सुतळी बॉम्ब घेऊन रांग लावत. धमाका झाला की काका हात आडवा धरून सगळ्यांना थांबवत. "पहले धूल बैठने दो." मग पुढे जाऊन निकाल देत, "चूड़ी गई, रुपैया साबुत." पोरगं हिरमुसून म्हणे, "क्या अंकल, बस चूड़ी?" बटण कधीच कोणाकडून फुटलं नाही. दिवाळी संपली की नवा कागद लावून फळी घरात, दाराशेजारी टांगली जाई.

'धूळ बसू दे' हा उपाय त्यांनी काकूंच्या रागापासून नळाच्या गळतीपर्यंत सगळ्याला लावला. तोच मिनीलाही लावला. मिनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला ऑफिसातल्या एका मल्याळी मुलाशी लग्न करायचं होतं. ती ते सांगत होती, तेव्हा नेमका मी डबा परत करायला त्यांच्या दारात.

"अहो, मुलगी काहीतरी विचारतेय!" काकू म्हणाल्या.

"बाबा, हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा!"

"जरा धूळ बसू दे, मिने."

"धूळ तुमच्यावर बसलीय!" असं म्हणून मिनी बॅग घेऊन निघाली आणि तिने दार असं आपटलं, की तिन्ही कागद फाटले. बटणावरचासुद्धा. मला मध्ये पडून काही बोलता आलं असतं. मी चपला शोधायचं सोंग करत राहिलो. काका फळीपाशी गेले आणि त्या बटणाएवढ्या भोकात करंगळी घालून नुसते उभे राहिले.

मिनी नागपूरला मावशीकडे गेली, ती येईना. फोन काकू करत. काका शेजारी बसून ऐकत. फळीला नवा कागद काही लागला नाही. शेवटी मीच चाचरत विचारलं, "काका, तिकडे वाळवंटात धूळ बसल्यावर काय करायचात?"

"आत जायचं. यंत्रातली नोंद काय स्वतः चालत बाहेर येते? कोणीतरी जाऊन..." ते मध्येच थांबले. मग आत वळून म्हणाले, "अगं, माझी ती उन्हाची टोपी कुठे आहे?"

"का? शिलाँगला निघालात?"

"नागपूरला."

तिथे काय झालं, हे काकांनी अर्थातच गुप्त ठेवलं. मिनीच सांगते, की बाबांनी उंबऱ्यातच आधी 'हो' म्हटलं, आणि मग इतकं बोलले, की मावशीला दोनदा पाणी आणावं लागलं.

आता काका-काकू भोपाळमध्येच अयोध्या नगरात राहतात. मिनी कोचीहून वर्षातून एकदा येते. काकांना हल्ली जवळजवळ ऐकूच येत नाही, पण फळी दाराशेजारी आहे आणि तिच्यावर कोरा कागद आहे. परवा मिनी परत निघाली तेव्हा मी तिथेच होतो. तिने दोन्ही हातांनी, अगदी जपून दार ओढून घेतलं. काका दाराकडे बघतच नव्हते. बांगडीवरचा कागद किंचित थरथरला.

"गेली," ते म्हणाले, आणि कागद पुरता स्थिर होईपर्यंत फळीकडे बघत बसले.