सखूबाईच्या रक्तातली भाऊबंदकी

स्किन वॉर्डातल्या नर्सला किस्से शोधावे लागत नाहीत. तापाचा पेशंट चार दिवसांत घरी जातो. कातडीचा महिनोन्‌महिने राहतो, आणि तोवर तो पेशंट राहत नाही, घरचाच होतो! बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला एका दवाखान्यात होते. तिथले माझे निम्मे किस्से एकट्या सखूबाईचे.

*

सखूबाई जामखेडकडची. विधवा, दुष्काळी कामावर खडी फोडायची. आधी तोंडात फोड आले, मग पाठीवर, छातीवर. फुटले की सालटं निघायची. लेक मंदा तिला घेऊन बसमध्ये चढली, तर लोकांनी गिल्ला केला, "महारोग हाय! उतरवा हिला!"

सखूबाई म्हणाली, "उतरते की. पर हाताला धरून उतरवा!"

कोण धरतो? मायलेकी तिघांच्या सीटवर ऐसपैस बसून नगरला आल्या.

*

डॉक्टरांनी तिला समजावलं, "बाई, हा महारोग नाही. कुणाला लागत नाही. रक्तानं बाहेरच्या रोगाशी लढायचं असतं. तुमचं रक्त तुमच्याच कातडीवर उलटलंय."

सखूबाईनं क्षणभर विचार केला. "म्हंजी भाऊबंदकीच की वो!"

पुढे डॉक्टर शिकाऊ पोरांना हेच सांगायला लागले. पुस्तकातली व्याख्या राहिली बाजूला!

*

चादर अंगाला चिकटायची. ओढली की कातडीच निघून यायची. म्हणून आम्ही तिला केळीच्या पानांवर निजवायचो. पानं देवळाली प्रवराकडून यायची, तिकडे पाटाचं पाणी होतं.

पहिल्या दिवशी मी तिला हळूच पानावर ठेवलं. या रोगातून सगळे वाचत नसत, हे मला माहीत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तशातच म्हणाली, "सिस्टर, पान तर मांडलं. आता मीठ-लिंबू तेवढं वाढू नगा!"

*

दीड-दोन महिन्यांत स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फोड आटले, पण तोंड पुरीसारखं टम्म फुगलं. मी आरसा द्यायला कचरत होते. तिनंच मागून घेतला, इकडून तिकडून गाल बघितले.

"दुष्काळात जाड झालेली साऱ्या तालुक्यात मी एकलीच असंल!"

*

एकदा तिचा दीर आला. डॉक्टर विचारत होते, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? सखूबाई म्हणाली, "माझी आई अशाच फोडांनी गेली." डॉक्टर म्हणाले, "अशा रोगाचा कल रक्तातून येत असावा. पण आला म्हणून रोग होतोच असं नाही."

दिरानं पुढचं वाक्य ऐकलंच नाही! "बघा, खोट म्हायेरच्या रक्तात हाय!"

सखूबाई ताडकन उठून बसली. "ह्याच रक्तानं तुमच्या घरी वीस वर्सं पानी वाहिलं. तवा न्हाई दिसली खोट?"

दीर जो गेला, तो परत वॉर्डात फिरकला नाही.

*

पण दिराचं बोलणं गावात पसरलंच. मंदाची सोयरीक जवळजवळ ठरली होती. एके दुपारी नवऱ्या मुलाचा म्हातारा बाप थेट वॉर्डात आला. भला माणूस, पण भ्यालेला. डॉक्टरांपुढं हात जोडून म्हणाला, "पोरीला ह्यो रोग व्हनार न्हाई, एवढं लिहून द्या. मग माझी ना न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही होणार. पण लिहून कुणीच देऊ शकत नाही. तशी तपासणीच नाही."

सखूबाईनं मान खाली घातली. इतक्या महिन्यांत तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. फोडांनी केलं नव्हतं ते या एका कागदानं केलं.

मंदा कोपऱ्यात फडकी घडी करत होती. ती उठली, माझ्या टेबलावरचा कोरा कागद आणि पेन घेतलं आणि म्हाताऱ्यापुढं ठेवलं.

"मामा, मी देते लिहून. पर आदी तुमी द्या. तुमच्या पोराला जल्मात काय काय व्हनार न्हाई, त्ये समदं लिवा. मी थांबते."

म्हाताऱ्यानं पेन उचललं, कागद जवळ ओढला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं आणि सखूबाईकडे वळला.

"विहीनबाई, पोरगी घरातबी अशीच बोलती का?"

सखूबाईनं मान वर केली.

"न्हाई वो. घरात जास्त बोलती!"