चांद्याची अर्धली

कोकिळाच्या पिको-फॉलच्या मशीनपाशी, दोऱ्यांच्या डब्याला टेकवून, एक फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो. साड्या घेऊन येणाऱ्या बायांना वाटतं, बाई मालिका बघत असेल. जळगावच्या त्या अख्ख्या कॉलनीत फार थोड्यांना ठाऊक आहे की बाई अंडी उबवते.

‘अजूबा’ नावाचा तो गेम. त्यात चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे. बहुतेक लोक पकडण्यावरच खूश असतात. कोकिळाला पकडण्यात काडीचा रस नाही, तिला पैदास हवी. दर अजूब्याला पाच गुण: ताकद, चपळाई, दम, कातडी आणि डोकं. नर-मादीची जोडी लावली की अंडं पडतं, त्यात काही गुण आईचे उतरतात, काही बापाचे आणि उरलेलं नशीब. पाचही गुण काठोकाठ भरलेला जीव हजारात एखादा निघतो. तो काढायचा तर शेकडो अंडी उबवायची, कोणत्या पोटी काय आलं ते लक्षात ठेवायचं आणि पुन्हा जोडी लावायची. चाळिशीला टेकलेल्या बाईला हे कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, आबांनी.

आबा म्हणजे तिचे वडील, पुना आबा. एरंडोलकडच्या खेड्यात त्यांच्या शेळ्या होत्या आणि चांद्या नावाचा एक पैदाशीचा बोकड होता, कपाळावर पांढरा चांद असलेला. पंचक्रोशीतले लोक आपल्या शेळ्या घेऊन त्याच्याकडे यायचे. आबांना शाळा ठाऊक नव्हती, पण कोणत्या शेळीची आजी कोण हे तोंडपाठ. लहानग्या कोकिळाला ते एकच गोष्ट घोटून घोटून सांगायचे. “पोर, रगत वळखानं. पोटनी पाठवर बोकड घालाना नही.” पाठ म्हणजे तरुण शेळी. बापाची जोडी लेकीशी लावली की पिल्लू दिसायला देखणं निघतं आणि आतून पोकळ.

आबा गेले आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या भावाने, नवलने, चांद्याला खाटकाच्या टेम्पोत चढवलं. कोकिळा तेव्हा माहेरीच होती, मागच्या दारी भांडी घासत होती. तिला कुणी विचारलं नाही. टेम्पो वळणावरून गेला तेव्हा तिला कळलं. नवलशी ती त्या दिवसापासून बोललेली नाही, आणि पुढे बोलेल असंही मला वाटत नाही.

म्हणून गेममध्ये दोन वर्षं राबून, अकराशे चाळिसाव्या अंड्यातून पाचही गुण भरलेला आणि कपाळावर चांद असलेला नर निघाला, तेव्हा तिने त्याचं नाव काय ठेवलं हे सांगायला नको. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या पैठणीला उलट्या बाजूने फॉल लावला आणि तो उसवताना ती हसत होती.

गोष्टीत इथे तिची मावसबहीण दिपमाला आली. धुळ्याला पार्लर चालवणारी, बोलण्यात लाघवी, कोकिळाहून दहा वर्षांनी लहान. हा गेम तिलाही कोकिळानेच शिकवला होता. तिने चांद्या मागितला, आणि मागितला तोही घरच्या रीतीने, अर्धलीने. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात, तशी. जनावर मालकाचं, सांभाळणारा वेगळा, आणि होणारी पिल्लं दोघांत निम्मी. निम्मी अंडी कोकिळाला आणि दिवाळीला चांद्या परत, असं ठरलं. आबांच्या घरात अर्धलीला कधी कागद लागला नव्हता. कोकिळाने चांद्या देऊन टाकला.

दिवाळी आली, गेली. एक अंडं आलं नाही की चांद्या परत आला नाही. संक्रांतीला कोकिळाने आठवण केली तेव्हा दिपमाला हसली आणि म्हणाली, गेममधलं जनावर ते, त्यात काय एवढं. पुढे धुळ्याच्या स्पर्धेत चांद्याच्या एका पोराने पहिला नंबर काढला. कुणीतरी तिची मुलाखत घेऊन व्हिडिओ टाकला. त्यात दिपमाला लिपस्टिक लावून सांगत होती, “ही पैदास सगळी माझी. मला कुणी शिकवलं नाही. माझी नजरच तशी आहे.”

कोकिळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो व्हिडिओ चार वेळा बघितला. आबांची नजर ही सटवी आपली म्हणून सांगत होती. कोकिळाने फोन करून शिव्या घातल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ती सुईत दोरा ओवणारी बाई, घाई तिच्या हाताला ठाऊक नाही. ती गप्प बसली आणि तिने ठरवलं, हिचं नाक चारचौघांत कापायचं आणि तेही हिच्याच नजरेने.

आधी तिने गेममधल्या आपल्याच गोठ्यात बहीण-भावांच्या जोड्या लावून बघितल्या. आबा गेममध्येही खरे ठरले. एका रक्ताची पिल्लं आपापल्या माहितीच्या कार्डावर झळकत होती, पाचही गुण भरलेले. पण झुंजीत दम निम्म्याखाली गेला की खाली बसत आणि काही केल्या उठत नसत. कार्डावर याचा मागमूस नव्हता. तिथे फक्त गुण दिसतात आणि अंडं कुणी उबवलं त्याचं नाव. आई-बाप दिसत नाहीत.

चांद्या देण्याआधी त्याच्यापासून काढलेली अंडी कोकिळाने नंतर उबवली होती, त्यातून निघालेल्या सात लेकी आणि एक मुलगा तिच्या गोठ्यात होते. आठवी मादी तिने त्यांच्यातूनच मुद्दाम काढली. चांद्या हाताशी नव्हता, म्हणून एका लेकीची जोडी त्याच्याच मुलाशी लावली, म्हणजे निघणारी चांद्याची नात आणि रक्त आणखी दाट. ते अंडं समोरच्या घरातल्या मिसबाहच्या फोनवर उबवलं, म्हणजे कार्डावर मिसबाहचं नाव. मादी पाचही गुणांनी भरलेली निघाली. नशिबाने हिच्या कपाळी चांद उतरला नव्हता. मिसबाहने ती बाजारात मांडली आणि चौथ्या दिवशी दिपमालाने ती उचलली. शेळ्यांच्या घराशी नातं असलेल्या पोरीने विचारायला हवं होतं की ही कुणाच्या पोटची. दिपमालाने गुण बघितले आणि तिची जोडी थेट चांद्याशी लावली.

दोन महिन्यांत त्या जोडीच्या अंड्यातून निघालेला दिपमालाचा वाघ्या तयार झाला. सराव करायला समोर दुबळे गडी, त्यामुळे त्याचा दम निम्म्याखाली कधी गेलाच नाही. दिपमाला रोज त्याचे फोटो टाकत होती आणि कोकिळा प्रत्येक फोटोला लाइकचा अंगठा दाखवत होती. इतका गोड सूड शिवणाऱ्या बाईला मी पहिल्यांदाच बघत होतो.

जळगावच्या स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना दिपमालाचा फोन आला.

“अक्का, तुना चांद्या ली जाय. माले आते त्याना काही काम नही.”

तिच्या आवाजात थोडी लाजही होती, असं कोकिळाने नंतर कबूल केलं. कोकिळाचा हात मशीनवर थांबला. चांद्या परत येत होता. पण अदलाबदल करायची तर दोघींना आपापला गोठा उघडून दाखवावा लागतो. कोकिळाच्या गोठ्यात चांद असलेल्या सात मुली आणि त्यांचा भाऊ उभे होते. दिपमालाने ते रक्त बघितलं असतं, विकत घेतलेल्या मादीची तीच ठेवण ओळखून शंका घेतली असती आणि वाघ्याला घरी ठेवलं असतं. मग चारचौघांत कापलं जाणारं ते नाक जागच्या जागी राहिलं असतं.

“सामना हुई जाऊ दे,” कोकिळा म्हणाली. “मंग देखसू.”

“तुनी मर्जी,” दिपमाला म्हणाली.

सामना एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. भिंतीवर मोठा पडदा, शे-दीडशे माणसं. अंतिम फेरीत दिपमालासमोर चोपड्याचा रुपचंद, केळीच्या बागेतून थेट आलेला आणि मुरलेला. त्याने वाघ्याचा दम पहिल्या दोन मिनिटांत निम्म्याखाली आणला. वाघ्या खाली बसला. दिपमालाने बटणं दाबली, पुन्हा दाबली. वाघ्या पडद्यावर कोंबडीसारखा बसून राहिला आणि मागे बसलेली पोरंटोरं खो-खो हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, नजर कुठे गेली मॅडम. कोकिळा तिसऱ्या रांगेत होती. तिला इतकं बरं वाटलं की तिने पर्समधून बडीशेप काढून खाल्ली.

दिपमालाने मान वळवली तेव्हा तिला ती बडीशेप खाणारी अक्का दिसली. ती मंचावरून उतरून सरळ तिच्यापुढे आली. डोळ्यांतलं काजळ ओघळलेलं.

“अक्का, ती मादी तुनी व्हती ना?”

“मनी व्हती,” कोकिळा म्हणाली. “चांद्यानंच रगत. पोटनी पाठवर बोकड घालाना नही, इतलं बी तुले माहीत नही, आनि नजर सांगस.”

दिपमालाने हातातला फोन वर धरला, अक्कासमोरच दोन-तीनदा बोट फिरवलं आणि निघून गेली. कोकिळाच्या पर्समधला फोन वाजला. गेममध्ये एखादा जीव रानात सोडला की तो ज्याने उबवला त्याला निरोप येतो, आणि सोडलेला जीव पुन्हा सापडत नाही. पडद्यावर लिहिलं होतं, ‘तुम्ही उबवलेला चांद्या रानात परत गेला.’

तिकडे रुपचंदला हार घालत होते. कोकिळा खुर्चीत बसून राहिली, बडीशेप तोंडात तशीच. नवलने चांद्याला टेम्पोत चढवलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मात्र आठ दिवस आधी फोन करून विचारलं होतं.