मुठीचा तांदूळ

आमच्या चर्चाच्या मंडळीत एक रीत आहे. सयपाकाले तांदूळ घेतला का त्यातून एक मूठ काढाची आन गाडग्यात टाकाची. दोन टाइम भात, दोन मुठी. आयतवारी ते गाडगं घेऊन चर्चात जाचं, समोरच्या टोपल्यात रिकामं कराचं. महिना झाला का तो तांदूळ कोन्या अडलेल्या घरी जाते. टोपल्यात टाकताना बाईनं एक उपकार सांगाचा, हप्त्यात देवबापानं काय केलं ते. कोनी म्हनते म्हैस व्याली, कोनी म्हनते पोट्टीचा ताप उतरला. मी लग्न होऊन आली तवापासून हे असंच आहे. मले वाचता येत नाई. बायबल मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. पन मूठ काढाले शिकावं लागत नाई.

दहा-बारा वर्षं झाले असतील, मोहफुलाच्या दिवसात माहा मानूस गेला. सकाळी दोघंही फुलं वेचाले गेलो होतो. तो वाकून वेचून राह्यला होता, वाघानं मांगून धरलं. मी पलीकडच्या झाडाखाली होती. जास्त नाई सांगत. गावातले लोकं धावले, जंगलखात्याचे साहेब आले, कागदं झाले, माती झाली. लेक ब्रह्मपुरीकडे देलेली, ते महिनाभर राहून गेली. मंग घरात मी आन माही सासू, दोघीच.

त्याच्यानंतरही मी दर आयतवारी चर्चात जात होती. मूठही नेत होती. पन उपकार सांगत नोहती. पाळी आली का गाडगं रिकामं कराचं आन खाली बसाचं. तोंडातून निघेच नाई. खोटं बोलाचं नोहतं, आन पोटात जे खरं होतं ते तिथी बोलन्यासारखं नोहतं.

टोपल्याजवळ एक म्हातारी बसे. सुईन होती पहिले, अर्ध्या गावाले तिनंच जन्माले घातलं. ते मले हळूच म्हने, "नाई निघत तं राहू दे वं. देव काई हजेरी घेत नाई."

पन मले भेव वाटे. आज तोंड बंद झालं, उद्या पायही बंद होतीन. मानूस तं गेला, आता देवही हातचा जाते का काय, असं वाटे.

त्या साली आमची धानाची बांधी पडीत राह्यली. जंगलाले लागून आहे, रोवन्याले एक बाई याले तयार नोहती. त्याईचं तरी काय चुकलं? मीच जात नोहती तिकडे. पोळ्यापर्यंत घरचा तांदूळ सरला. राशनचा महिनाभर पुरत नोहता. मी कोनाजवळ काई बोलली नाई, पन गावात चूल कमी पेटली का लोकाईले समजते.

एका सोमवारी पाळकसाहेबाची बायको, पाळकीनबाई, आन ते सुईन म्हातारी दारात. पाळकीनबाईच्या डोक्यावर चुंगडी. टोपल्यातला महिन्याचा तांदूळ.

एवढे वर्षं टाकनारी मी, आता घेनारी झाली. मी म्हटलं, "दुसऱ्या घरी न्या बाई. आमच्या घरी आहे."

खाटेवरून सासू बोलली, "कुठी आहे वं? मले दिसत नाई तं नाई, पन डब्बा वाजते ते ऐकू येते."

सासूचे डोळे गेले होते, कान नाई. दोघी हासल्या आन चुंगडी ठेवून गेल्या.

त्या दिवशी मी त्यातला भात मांडला. आता मिसळीचा तांदूळ रांधाचा म्हनजे कठीन काम. कोना घरचा जाडा, कोना घरचा बारीक, कोना घरचा उकडा. नवा तांदूळ लवकर गळते, जुना लय पानी पिते. एकाच गंजात अर्धा लगदा झाला, अर्धा कच्चा. मी तसाच वाढला.

सासू म्हने, "हे काय रांधलं वं? अर्धा चिखल, अर्धे गोटे."

मी म्हटलं, "मंडळीचा तांदूळ आहे."

"मंडळीही अशीच आहे," म्हने. आन जेवली. मंग आनखी मांगला. पोरगा गेल्यापासून ते दोन घास खाऊन ताट सारत होती. मी वाढला.

रात्रीच्या भाताले तांदूळ काढला आन सवयीनं माहा हात गाडग्याकडे गेला. मूठ पडल्याचा आवाज सासूनं ऐकला.

"काय टाकलं?"

"मूठ."

"लोकाईनं देलेल्यातून दान करून राह्यली का? येडी झाली का वं तू?"

"हात गेला," म्हटलं. पडलेली मूठ काढाची कशी? तशीच राह्यली. दुसऱ्या दिवशीही हात गेला. हप्ताभर गेला.

आयतवारी मी ते गाडगं टोपल्यात रिकामं केलं. सुईन म्हातारीनं तांदूळ बोटात घेतला, पाह्यला, आन मोठ्यानं बोलली, "अवो, हा तं मिसळीचा! आपलाच वापस आला नं!"

बाया हासाले लागल्या. मांगून एकजन बोलली, "गोड नाई लागला वाटते बाईले." दुसरी म्हने, "देलेलं वापस करते. मान मोठा आहे बाप्पा!"

चुपचाप खाली बसली असती, तं मी त्याईचा तांदूळ लाथाडला असंच झालं असतं. मंग त्या चर्चात मी पाय नसता ठेवला. मी उभीच राह्यली.

म्हटलं, "वापस नाई केला. खाल्ला. जेवढ्या बार रांधला तेवढ्या बार त्यातूनच मूठ काढली."

कोनी हासलं नाई. पाळकसाहेब म्हने, "बोला बाई."

मी म्हटलं, "उपकार हा का माही सासू हप्ताभर पोटभर जेवली. भात धड शिजला नाई, रोज तिनं मले बोल लावले, पन जेवली. पोराच्या मांगं ते जेवत नोहती. एवढंच."

सुईन म्हातारीनं पदरानं नाक पुसलं आन म्हने, "पाह्य, निघालं."

मानसाबद्दल मी काई बोलली नाई. तो काऊन गेला, ते मी अजूनही देवाले विचारते. तो उत्तर देत नाई, मी विचाराचं सोडत नाई. पन उपकार त्या दिवसापासून दर आयतवारी सांगते. लहान असते, खरं असते.

घरी येऊन सासूले सांगतलं, आज चर्चात असं असं बोलली म्हनून. ते उठून बसली.

"माह्या जेवन्याचं सांगतलं? सगळ्याईच्या पुढं?"

"हाव."

"आता म्हनतीन, बुड्ढी खादाड आहे." मंग म्हने, "भात झाला का?"